पांढुर्ण्याहून निघालेला जिताडा

लोधीखेडा, रविवार

आदरणीय सुधाकर भाऊजी,

राजूचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत, रश्मीताईची कंबर आणि तुमच्या खाडीचा मिजाज, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. इकडे आई बरी आहे, संत्र्याची फळं लिंबाएवढी झाली, ऊन मात्र माणसाला भाजून काढून राहिलं आहे. कालपासून तुमचे इतके फोन आले आणि मी एकही उचलला नाही, त्याचा राग मानू नका. तुम्ही पहिल्याच वाक्यात विचारलं असतं, "जगली का?" आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो ताईच्या मोबाइलवर पाठवून राहिलो. शेवटचं पान आधी वाचू नका.

गेल्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी बांधावरून आलं आणि तुमच्या तळ्यातला विकायला तयार झालेला जिताडा मासा खाडीत निघून गेला, तेव्हापासून तुम्ही म्हणून राहिले होते की समुद्र आता पहिल्यासारखा वागत नाही. पिल्लं उधाणाच्या दिवसांत आमच्या शेततळ्यात वाढवायची आणि मोठी झाली की परत न्यायची, ही अक्कल माझी. (हॅचरीवाल्यानं त्यांना आधीच गोड्या पाण्याची सवय लावून दिली, ही अक्कल तुमची.) अडचण एकच होती: आमचे बाबा. गळ्यात माळ, आणि ताईच्या लग्नापासून तुमच्या घराला ते नुसतं 'तिकडचं' म्हणतात. तळ्यावर हिरवी जाळी बांधली ती पाण्याची वाफ होऊ नये म्हणून, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

तर काल पांढुर्णा स्टेशनावर पिल्लांची गाडी आलीच उशिरा. थर्माकोलचे डबे उतरवले, एक उघडून पाहिला, पिशवीत पिल्लं चळवळ करून राहिली होती. जीव भांड्यात पडला. आमच्या गावातल्या अभिजीतच्या टेम्पोत डबे रचले, वर ओली पोती टाकली आणि निघालो. तुम्ही बजावलं होतं, दुपारच्या आत तळ्यात गेली पाहिजेत. मी सगळा हिशेब केला होता, फक्त काल शनिवार आहे हे विसरलो. जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानजीच्या दर्शनाची गर्दी अशी, की पुढे ट्रॅक्टर, मागे बस आणि मधात आपला जिताडा. टेम्पो तापला. पोती वाळली. पिशवीला हात लावला तर पाणी कोमट, आणि पिल्लं वर येऊन तोंडं उघडझाप करून राहिली होती. अभिजीत म्हणतो, "राजूभाऊ, आता तिखटमीठ टाकाचं तेवढं बाकी आहे न जी." मी त्याला तिथंच हाणणार होतो, पण तेवढाही वेळ नव्हता. डोळ्यांसमोर ताईचं तोंड येत होतं.

बर्फासाठी पळत सुटलो. पुढे भजनी मंडळाचा सरबताचा मांडव होता. आणि तिथं ओगराळं घेऊन कोण उभं? बाबा! (बसने गेले होते, मला न सांगता. आमच्या घरात कोणी कोणाला काही सांगत नाही.)

"बाबा, बर्फ पाह्यजे."

"काहून? ऊन लागलं का कोनाले?"

खोटं बोलायचं होतं, पण खरंच निघून गेलं. म्हटलं, "ताईची मासोळी आहे."

सारं मंडळ माझ्याकडे पाहून राहिलं. बाबांनी ओगराळं खाली ठेवलं. मला वाटलं, आता चार माणसांत थोबाडीत बसते. त्यांनी बर्फाची लादी पोत्यासकट खांद्यावर घेतली आणि चालायला लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "यशवंतराव, बर्फ कुठं नेता जी?" बाबा न वळता म्हणाले, "लेकीचं सामान आहे. तापून राहिलं."

मग त्यांनी बर्फ फोडून पिशव्यांच्या आजूबाजूने भरला. (पिल्लांकडे पाहत नव्हते, हात तेवढे चालत होते.) एका बाईने डब्यात प्रसाद आहे समजून त्याला कुंकू लावलं आणि पाया पडली. बाबांनी तिला सांगितलं नाही. उलट गर्दीला ओरडले, "बाजू व्हा, बाजू व्हा!" आणि टेम्पो वावरातल्या पांदणीने सौंसरच्या रस्त्याला काढून दिला. स्वतः मागे, डब्यांवर दुपट्टा धरून.

तळ्यावर आल्यावर पिशव्या न सोडता नुसत्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, तुम्ही सांगितलं तसं. बाबा काठावरून एकच धोशा लावून राहिले होते, "सोड न बे! गुदमरून राहिले ते!" मी म्हटलं, पाण्याला पाणी मिळू द्या, एकदम सोडलं तर धक्क्याने मरतील. शेवटी पिशव्यांची तोंडं उघडली. पिल्लं तळाशी जाऊन पडली ती हलेनात. आम्ही दोघं काठावर वाकून पाहून राहिलो. मग एकाने शेपटी मारली, दुसऱ्याने मारली, आणि काळी रेघ जाळीच्या सावलीत सरकून गेली. बाबा म्हणाले, "हे पोट्टे खातात काय?"

ताईला नमस्कार आणि पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
राजू

ता. क. : एका पिशवीतली सगळी गेली. लपवत नाही. बाबांनी ती संत्र्याच्या बुडाशी पुरली आणि विहिरीवर आंघोळ केली.

ता. क. दुसरा : खरं म्हणजे हे पत्र बाबांनीच लिहायला बसवलं. जिताड्याचं सारं मी माझ्या मनाने लिहिलं, त्यांना पुढचं एवढंच सांगायचं आहे. उधाणात तुमच्या चुलीपर्यंत पाणी आलं होतं, हे काल माझ्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून ते जेवले नाहीत. आज सकाळीच त्यांनी मागची खोली झाडून, खाटा उन्हात टाकल्या. म्हणतात, पावसाळ्यात लेकीने, जावयाने, पोरांनी इकडे यावं. मी म्हटलं, तुम्हीच लिहा न दोन ओळी. तर म्हणाले, "मले नाई लिवता येत तसं." (बाबा हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, हे तुम्हाला माहीतच आहे.)