चाळलेलं पीठ

आई,

काल तू ज्या बरणीतलं पीठ चाळून बरणी लख्ख धुऊन ठेवलीस, त्यात माझ्या पीएचडीच्या किड्यांच्या सात पिढ्या होत्या. बरणीवर काही लिहिलं नव्हतं, ती चूक माझीच.

सकाळी कचऱ्याची बादली उपसली, तर एक्केचाळीस किडे जिवंत सापडले. तेवढ्यांवर आठवी पिढी वाढेल, असं माझ्या गाइड मॅडम फोनवर म्हणाल्या. निम्मे विद्यापीठात नेते आहे, निम्मे खिडकीतल्या बरणीत आहेत. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'हे पीठ खराबच आहे, असू दे.'

तू रागावून कामावर गेलीस, तरी माझा डबा भरलेला होता. काल मी तोंडाला येईल ते बोलले, तेवढं मात्र चाळून टाक.

ठमी