दोन किलोच्या आत

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर काही सांगायचं म्हणजे सून, नातू आणि टीव्ही असे तिघे ऐकायला बसलेले, म्हणून हे पत्र. ऑपरेशन नीट झालं. गेल्या वर्षी कॅन्सरने डावा स्तन नेला होता, तिथे आता इम्प्लांट बसवलंय. या वयात कशाला, असं तू विचारशीलच. अगं, तो स्पंजचा तुकडा आत कोंबून किती दिवस काढायचे? जिममध्ये माझ्या बॅचला वाकून दाखवत होते, तर तो निसटला आणि थेट बेंचखाली गेला. सगळ्या बायका गुडघे टेकून शोधायला लागल्या. त्याच दिवशी ठरवलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की चालायचं भरपूर, पण सहा आठवडे दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. छातीचे व्यायाम, आडवं होऊन रॉड उचलायचा तो बेंच प्रेस वगैरे तीन महिन्यांनी, तेही त्या सांगतील तेवढेच. हे ऐकायला आमचे हे सोबत होते, तिथेच घात झाला. तुझे काटेसाहेब! वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून रिटायर झाले, पण खातं काही त्यांच्यातून रिटायर झालेलं नाही. जुना स्प्रिंगकाटा काढलाय आणि घरातली एकेक वस्तू त्याला टांगून बघतात. चहाचं भांडं पास, कुकर नापास, मांजर नापास. मांजराने आपली हरकत त्यांच्या हातावर नोंदवली.

त्यात जिमचे शेठ फुलं घेऊन आले. माझी बायकांची बॅच एका नव्या पोराला दिली म्हणे. बायकांनी त्याचं नाव दंडोबा ठेवलंय, कारण दंड सोडून त्याच्यात दुसरं काही नजरेला पडत नाही. मला म्हणे काउंटरवर खुर्ची, पंख्याखाली. तुमच्याकडे बघून बायका घाबरतील, असंही वर म्हणाले. ताई, ती बॅच मी तीन बायकांपासून उभी केली गं. ती मला परत हवी आहे. बाकी काही नको.

आहे तो लोभ वाढावा, पण दोन किलोच्या आतच.

तुझी धाकटी

---

२५ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दाराला कडी लावून वाचलं. तो शब्द कागदावर लिहितात का गं? पत्र कुणाच्या हाती पडलं असतं म्हणजे? मी इथे सगळ्यांना सांगितलंय की तुझं खांद्याचं ऑपरेशन झालं. शेजारीण मात्र पिच्छा सोडत नाही, रोज विचारते, कुठला खांदा. मी एकदा डावा म्हटलं, एकदा उजवा. आता तिला वाटतंय तुझे दोन्ही गेले.

आणि जिमचं खूळ आता सोड. ते फुटतं म्हणे! माझ्या नणंदेच्या ओळखीत एकीचं विमानात फुटलं. पंख्याखाली आयती खुर्ची मिळतेय तर बस की गुपचूप. सुखाचा जीव दुःखात कशाला घालतेस? बाईमाणसाने वजनं उचलूच नयेत, हे मी पहिल्यापासून सांगत आलेय.

बरं, मे महिन्यात आम्ही घर बदलतोय. माळ्यावरची लोखंडी पेटी उतरवायला तू येशील ना? मुलगा नुसतं उद्या-उद्या करतोय. तुझ्या हाताला जोर आहे, तुलाच ते जमेल.

काटेसाहेबांना नमस्कार. स्वतःला जप, एवढीच तुझ्या ताईची आज्ञा.

ताई

---

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रॉड नको आणि पेटी चालेल, हा कायदा कुठल्या कोर्टातला गं? डॉक्टरीणबाईंना तुझ्या विमानाचं विचारलं. इतक्या हसल्या की बाहेरची नर्स धावत आली. म्हणाल्या, ताईंना सांगा, विमानात काही फुटत नाही. आता मला हात डोक्यावर नेता येतो, भिंतीवर तळवे टेकून हलका व्यायामही चालतो. पहिल्यांदा हात पूर्ण वर गेला तेव्हा रडले मी, खोटं कशाला सांगू.

परवा घरात एक गंमतच झाली. चादरी धुतल्या होत्या. बादलीला मी हात लावायच्या आत यांनी ती काट्याला टांगली, आकडा बघितला आणि मला विचारलं, ही गच्चीवर कोण नेतं? मी म्हटलं, इतकी वर्षं भुतं नेत होती. यांनी स्वतःच बादली उचलली आणि दुसऱ्या मजल्यावर कंबर धरून जिन्यातच बसले. मग चादरी एकेक करून वर गेल्या.

आता खरं सांगते ते पोटात ठेव. काल जिममध्ये डोकावले. दंडोबा आरशाला शिकवतोय आणि बायका मागे रामभरोसे. बॅचमधली गॅरेज चालवणारी आहे ना, तिचा खांदा धरलाय, तरी हा ओरडतोय, अजून एक, अजून एक! मी शेठना सुनावलं. ते म्हणाले, जिला स्वतःला बेंच मारता येत नाही ती दुसऱ्यांना काय शिकवणार? पूर्वीसारखे चाळीस किलो सगळ्यांसमोर मारून दाखवा, बॅच तुमची. दहा एप्रिल ठरलीय. डॉक्टरीणबाई तेव्हा वीसच्या वर जाऊ देणार नाहीत, मला माहीत आहे. पण चाळीस मी रोज मारायचे गं. एकदाच मारीन. त्यांना कळायचं कारण नाही, आणि यांना तू सांगू नकोस.

तुझी माया अशीच राहू दे, तोंड मात्र बंद राहू दे.

धाकटी

---

२० मार्च

धाकटे,

आशीर्वाद नंतर. आधी ऐक. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी काटेसाहेबांना सगळं लिहून कळवलं. माझ्यावर चिड, बोलू नकोस, चालेल मला. मागच्या वर्षी तू आत होतीस आणि मी बाहेर बाकावर. तू पोटात ठेव म्हणतेस, पण हे माझ्याने पोटात ठेववत नाही. पुन्हा त्या बाकावर बसायची माझ्यात ताकद नाही. एका बॅचपायी टाके उसवून घेणार आहेस का? कळस झाला मूर्खपणाचा!

तुझ्यावर अतोनात रागावलेली,
ताई

---

११ एप्रिल

सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

आपले पत्र वेळेवर पोचले, आभारी आहे. आपल्या बहिणीला समजावण्याचे सर्व प्रयत्न निष्फळ ठरल्याने मी काल तिच्यासोबत जिममध्ये समक्ष हजर राहिलो. काटा बरोबर होता. तो मी आदल्या दिवशी तपासून घेतला होता.

ती बेंचवर आडवी होण्यापूर्वी मी केवळ सवयीने एक प्लेट काट्याला टांगली. वर छापलेले होते दहा. भरली आठ. दुसरी टांगली, तीही आठ. वीस किलोचा म्हणून मिरवणारा रॉड चौदाच्या वर जाईना. शेठना घाम फुटला. ते म्हणाले, साहेब, हे काय किराणा मालाचं दुकान आहे का? मी म्हटलं, तिथे निदान कागदाची पुडी तरी सोबत मिळते. त्यानंतर बायकांनीच आग्रह धरल्याने दंडोबांचे सुप्रसिद्ध शंभर किलो भरले. ते अठ्ठ्याहत्तरवर थांबले. दंडोबा आरशाकडे बघायचे थांबले.

धाकटीने तोंडातल्या तोंडात हिशेब केला. म्हणजे माझे चाळीस कधी चाळीस नव्हतेच, असे म्हणाली आणि डावी बाजू हाताने धरून हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. या खोट्या आकड्यासाठी मी टाके उसवून घ्यायला निघाले होते, असे ती मला सगळ्यांदेखत म्हणाली. मग तिने माझ्याकडून वीसच्या आतले वजन नीट भरून घेतले, आडवी झाली, रॉड सावकाश खाली-वर केला आणि जागेवर ठेवला. दंडोबा सवयीने ओरडले, अजून एक! तिने सांगितले की डॉक्टरांनी आज एवढंच म्हटलंय, म्हणून आज एवढंच. गॅरेजवाल्या बाई खांदा चोळत सगळ्यांत आधी तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. बाकीच्या मागोमाग गेल्या. बॅच तिथेच ठरली.

शेठनी हात जोडले की बॅच घ्या, पण तो काटा बाहेर न्या. तिने बॅच घेतली आणि काटा दाराशी टांगून ठेवला.

ताई, एक गोष्ट आपल्यालाच लिहितो. नोकरीभर मी बाजारातली वजने तपासली. हिने आजवर उचललेले सर्वांत खरे वजन म्हणजे आमच्या घरातली ती बादली निघाली, आणि हिच्या ऑपरेशनआधी तिला मी कधी काटा लावला नव्हता. मला शरम वाटली. बादली आता मी नेतो. कंबर तक्रार करते, ती दाखल करून घेत नाही.

आपला लोभ असाच राहावा. तो यापुढे मोजणार नाही, काटा जिममध्ये आहे.

आपला,
काटेसाहेब

---

२६ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ., आणि या वेळी अगदी मनापासून.

बॅच मिळाली, जीव भांड्यात पडला. पेटी अजून माळ्यावरच आहे. मुलगा उद्या म्हणतोय. तू मुळीच यायचं नाहीस. मीच आठ दिवस तुझ्याकडे येते, बॅचमध्ये एक जागा ठेव. हलकं काहीतरी दे, मी म्हातारी आहे. पण खरं वजन दे.

आज शेजारणीने पुन्हा विचारलं, कुठला खांदा. मला कंटाळा आला गं खोटं बोलायचा. सांगून टाकलं, खांदा नव्हे, स्तन. कॅन्सर होता, नवा बसवलाय, आणि आता ती बेंच मारते.  मी म्हटलं, झालं, आता गावभर करणार ही. तर ती उठली, तिने आपल्या हाताने माझ्या दाराला कडी लावली आणि हळूच विचारलं, तिच्या डॉक्टरांचा पत्ता आहे का? तीन महिने रोज माझ्या दारात येत होती ती, धाकटे. आणि मी तिला खांदे सांगत बसले होते.

पत्ता आजच्या आज कळव. पत्राने नको, फोन कर. कोण ऐकायचं ते ऐकू दे.

तुझी ताई