दुसऱ्याच कोंडाळ्यात

मोनेसन, २ मार्च २००४

ती. लॅडीदादास,
सा. न. वि. वि. गुडघा कसा आहे? वहिनीपुढे उगाच शूर होऊ नकोस.

पुढच्या शुक्रवारी, १२ तारखेला, चर्चच्या हॉलमधल्या मासळीच्या जेवणात रूडी हलुश्काचा सत्कार आहे. आपल्या गावच्या फुटबॉल संघाचा, धडका देऊन समोरच्याला अडवणारा लाइनबॅकर, छप्पन्न नंबर! गौरवाचं भाषण माझ्याकडे. सगळे बजावतात, ती गोष्ट सांगायचीच : सामन्यात डोक्याने टक्कर मारली, उठला आणि डाव ठरवायला जमलेल्या विरुद्ध संघाच्या कोंडाळ्यात थेट जाऊन उभा राहिला. तीस वर्षं मीच ती नकला करून सांगत आले. पण परवा बेकरीत त्याने मला तीनदा विचारलं, तू कुणाची गं? त्याची बायको डोलोरेस मान खाली घालून पाव निवडत राहिली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आपण हसलो ते नेमकं कशाला? गोष्ट सांगू की गाळू? लगेच कळव.

तुझ्या धाकाची आणि मायेची सवय असलेली,
मार्सेला

अ‍ॅक्रन, ६ मार्च

चि. मार्सेलास,
अ. आ. कॉलेजात जाऊन काळजी करायलाच शिकलीस! गोष्ट गाळलीस तर लोक तुला मासळीबरोबर तळतील.

पण एक सांगतो, आजवर बोललो नाही. त्या दिवशी बाबा हसले नव्हते. पोलादाच्या कारखान्यात डोक्याला मार बसलेली माणसं त्यांनी पाहिली होती. अरे, त्याला बाहेर काढा, असं ते ओरडत होते. आणि मी त्यांना म्हणालो, बाबा, गप्प बसा, लोक बघताहेत.

काय ते तू ठरव. या भावावरचा लोभ कमी करू नकोस.
लॅडी

मोनेसन, १३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. गोष्ट गाळली. लगेच मागून ओरडा झाला, अगं बाई, कोंडाळं विसरलीस! मग त्या दिवशी बाबा काय ओरडले ते सांगितलं. वाटलं, भर सभेत मी त्याला उघडं पाडलं.

रूडी उठला. म्हणाला, त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही, तुम्ही सांगता तेवढंच ठाऊक. पण कुणी थांबवा म्हणालं होतं, हे आजवर मला कुणी सांगितलंच नाही. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

बाबा गेले, हे मी त्याला सांगितलं नाही. चुकलं का?

मग तो मंचावरून खाली उतरला आणि भलत्याच टेबलाशी जाऊन बसला. कुणी हसलं नाही. तिथली माणसं सरकली, एकाने त्याच्यापुढे ताट ठेवलं. डोलोरेस आपलं ताट उचलून तिकडेच गेली.

तुझीच,
मार्सेला