तेल्शायचा हुकमाचा एक्का

२ एप्रिल १९९७, बुधवार
साखळी सामने संपले. लीगमध्ये आम्ही तेल्शायवाले सहावे. शनिवारपासून प्लेऑफ. पहिल्या फेरीत तीन सामने, दोन जिंकेल तो पुढे. उपांत्य फेरीतही तसंच. खरा बास्केटबॉल आता सुरू होणार. आतापर्यंत चालला होता तो पोरखेळ, म्हणूनच मी त्यात फारसा पडलो नाही. अख्ख्या सीझनमध्ये छत्तीस मिनिटं. लोकांना वाटतं मी बाकावर बसून असतो. आमचा कोच स्तुलपिनास कितीही मठ्ठ असला तरी एवढं त्याला कळतं: हुकमाचा एक्का पहिल्याच हाताला टाकायचा नसतो.
संकल्प: बिअर बंद. रोज दोनशे फ्री थ्रो. दहाला झोप. मूर्खांशी वाद नाही. (म्हणजे संघात बोलायला फक्त बसचा ड्रायव्हर उरतो.)
दांगुओलेला, म्हणजे बायकोला, सांगितलं की वय अडतीस झालं तरी माझी उंची दोन मीटर सहा सेंटिमीटरच आहे, उंची काही झिजत नाही. म्हणाली, "गुडघे झिजतात."

३ एप्रिल
फ्री थ्रो: चाळीस. आत गेले सतरा. रिंग डावीकडे कललेली आहे. हॉल सांभाळणाऱ्या झोफिया बाईंना सांगितलं. त्या शिडी आणि पाणसळ घेऊन वर चढल्या, बघितलं, म्हणाल्या, "सरळ आहे." मग पाणसळ वाकडी असणार.

५ एप्रिल, शनिवार
पहिला सामना जिंकलो. मी उतरलो नाही. गरजच पडली नाही.
मान्तविदासने चोवीस पॉइंट केले. हा आमचा सेंटर, म्हणजे रिंगखालचा माणूस, वय बावीस. उडी मारता येते एवढ्या भांडवलावर सेंटर झालाय. उडी बेडकालाही मारता येते. दुसरा डार्नेल, अमेरिकन. तिकडे ज्याला कुणी विचारलं नाही तो इथे देव! परवा त्याच्यापुढे त्सेपेलिनाय ठेवले, तर बटाट्याच्या त्या गोळ्याकडे बॉम्ब बघावा तसा बघत बसला. काट्याने टोचून म्हणे, "हे जिवंत आहे का?" सगळे पोट धरून हसले. मी नाही हसलो.
बाकावरून मी चौदा वेळा "हात वर!" असं ओरडलो. अकरा वेळा हात वर गेले. हे कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

९ एप्रिल
दुसराही जिंकलो. उपांत्य फेरीत! गावाला वेड लागलंय. बेकरीवाली मला म्हणाली, "काय खेळले हो तुमचे लोक!" तुमचे लोक. जणू मी त्यांचा बाप.
पेपरात सगळ्यांची नावं. माझ्याबद्दल एक ओळ: "राखीव सेंटर व्हिगांदासने टॉवेल जोरात फिरवून उत्साह वाढवला." पत्रकारांची अक्कल ही एवढीच. कात्रण कापून ठेवलं. पुरावा म्हणून.

१२ एप्रिल
फ्री थ्रो नाही. मेहुण्याकडे जेवण. धुरी दिलेले डुकराचे कान आणि बिअर. तीन. उपांत्य फेरीत पोहोचल्याची बिअर संकल्पात धरलेली नव्हती.
मेहुणा लाकूडकामवाला. बास्केटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, तरी विचारतो, "व्हिग, यंदा तू आत कधी येणार?" मी म्हटलं, योग्य वेळी. तो म्हणाला, "ख्रिसमसलाही हेच म्हणाला होतास." अशांना बहीण असते हेच आश्चर्य.

१६ एप्रिल, पालांगा
उपांत्य फेरी, पहिला सामना, समुद्रकाठच्या त्या गर्विष्ठ गावात. एकोणीस पॉइंटांनी हरलो. अब्रूच गेली. चार मिनिटं बाकी असताना मी ट्रॅकसूट काढून उभाच राहिलो. स्तुलपिनासने माझ्याकडे बघितलं आणि सेंटरच्या जागी बुटका गार्ड पाठवला. गार्ड! मला जरा उशिरा लक्षात आलं. हरलेल्या सामन्यात माझी चाल उघडी कशाला करायची? कधी नव्हे ते डोकं चालवलं माणसाने.
बसमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "कोच, मी तयार आहे."
"कशाला?"
"शनिवारला."
खिडकीबाहेर बघत म्हणाला, "असलास तर बरंच आहे, व्हिग."
बरंच आहे, म्हणाला. शब्द जसाच्या तसा लिहून ठेवतोय.

१९ एप्रिल, शनिवार
घरच्या हॉलमध्ये दोन पॉइंटांनी जिंकलो. डार्नेलने शेवटच्या सेकंदाला डोळे मिटून बॉल फेकला नि तो आत गेला. (डोळे मिटलेले मी पाहिले.) लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. झोफिया बाई ढसाढसा रडल्या. ज्या बाई मला ट्यूबलाइट जास्त वेळ जाळतो म्हणून ओरडतात, त्या! आता १-१. बुधवारी पालांग्यात तिसरा सामना. जिंकलो तर फायनल. तेल्शाय आजवर कधीच फायनलला गेलेलं नाही.

२१ एप्रिल
प्रॅक्टिसनंतर मान्तविदास मागे थांबला. म्हणाला, "काका, तुमचा तो जुना, डोक्यावरून वळवून टाकायचा हूक शॉट दाखवा ना. त्यांचा उंच सेंटर मला वरून ब्लॉक करतो, मग मी चिडून फाउल करतो." सगळे मला काका म्हणतात. आदराने.
मी म्हटलं, गुडघ्याला बर्फ लावायचा आहे. माझं हत्यार याच्या हातात का द्यायचं? बुधवारी स्तुलपिनासला हूक लागलाच तर तो माझ्याकडे आहे. पोरगं "बरं काका" म्हणालं आणि एकटंच भिंतीवर बॉल मारत बसलं. चुकीच्या पायावर उडी घेत होतं. दारातून पाच मिनिटं पाहिलं. सांगणार होतो. नाही सांगितलं.

२४ एप्रिल, सकाळ
काल काय झालं ते व्यवस्थित लिहून ठेवणं गरजेचं आहे. पेपरवाले वाट्टेल ते लिहितील.
सहा मिनिटं उरली असताना मान्तविदास पाचव्या फाउलवर बाहेर. त्या उंच सेंटरने पुन्हा ब्लॉक केला, पोरगं चिडलं, हाणला हात. मग आमच्या दुसऱ्या सेंटरचा घोटा मुरगळला. अकरा सेकंद उरली, आम्ही एका पॉइंटने मागे, बॉल आमचा. स्तुलपिनास बाकावर नजर फिरवत गेला. तीन वेळा. तिसऱ्यांदा माझ्यावर थांबला. म्हणाला, "जा. रिंगखाली उभा राहा. बॉलला हात लावू नकोस."
हे बोलणं विरोधकांना चकवण्यासाठी होतं, असं मी धरून चाललो.
उतरलो. त्यांचा कोच लगेच ओरडू लागला, "तो! तो! त्यालाच धरा!" इतक्या वर्षांनीही मला घाबरतात. डार्नेल अडकला, मी हात वर केला, त्याने नाइलाजाने पास दिला आणि लगेच दोघांनी मला मिठी मारली. फाउल. दोन फ्री थ्रो. चार सेकंद. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर फायनल.
हॉल किंचाळत होता. आमचे शंभर लोक मात्र गप्प. त्यांत दांगुओले. तिने डोळ्यांवर हात धरले होते, मला दिसलं.
पहिला रिंगला लागून बाहेर. दुसरा रिंगला लागलाच नाही.
बॉलमध्ये हवा जास्त होती. त्यांच्या हॉलचे दिवे खाली आहेत. पास जरा लवकर आला असता तर फाउलच झाला नसता. डार्नेलची चूक.
ड्रेसिंग रूममध्ये मान्तविदास टॉवेलमध्ये तोंड घालून रडत होता. म्हणाला, "माझ्यामुळे झालं." मी त्याचं म्हणणं खोडलं नाही.

२५ एप्रिल
कोचने उद्या ऑफिसात बोलावलंय. बोलावणार होताच. कुणावर तरी खापर फोडायला हवं ना! सगळी तयारी केली. त्याने "एवढी वर्षं खेळून दोन फ्री थ्रो" असं म्हटलं तर: "वर्षभर बाकावर गोठवलेल्या माणसाकडून आणखी काय हवं होतं?" "वय झालं" म्हटलं तर: "तुमच्या अकलेचं झालंय." एकूण सहा उत्तरं. एक जरा शिवराळ आहे. आरशासमोर म्हणून पाहिली. पुढच्या सीझनला माझ्या अटींवर खेळेन, हे सगळ्यात शेवटी, दारातून वळून सांगायचं.

२६ एप्रिल, दुपार
गेलो. स्तुलपिनास एकटाच होता, कपाट आवरत. खुर्ची पुढे केली. कॉफी करून दिली. गेल्या सात वर्षांत कधी पाणी विचारलं नव्हतं.
म्हणाला, "व्हिग, माझी चूक झाली. माफ कर."
मी सहातलं पहिलं उत्तर तोंडात घेऊन बसलो होतो.
म्हणाला, "तुला तिथे पाठवायला नको होतं. ते तुलाच धरणार, हे मला माहीत होतं. एवढ्या लोकांसमोर... पोरं तुझ्यावर राग धरून नाहीत. मी सांगितलंय त्यांना. सगळं माझ्या अंगावर घेतलंय."
मी म्हटलं, ठीक आहे.
तो म्हणाला, "पुढच्या सीझनला नवीन सेंटर घेतोय. तुला त्रास नको आता." खांद्यावर हात ठेवला. हात ठेवायला त्याला टाचा उंच कराव्या लागल्या.
दाराशी वळलो. काय सांगायचं होतं ते आठवलं. नाही सांगितलं. कॉफीसाठी आभार मानले.
घरी दांगुओलेने विचारलं, काय म्हणाला? सांगितलं, माफी मागितली.
तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "बरं केलं त्याने." आणि ताटं मांडायला लागली.
कुणाचं बरं केलं, ते मी विचारलं नाही.