पाळकसाहेबांच्या घरचा

हॅलिंगफोल्ड,
सोमवार, १४ नोव्हेंबर १६६४

प्रिय डॉर्कसताई,

देवाच्या कृपेने मी धडधाकट आहे. तुम्हां सगळ्यांचं कुशलही त्याच्याच हाती सोपवतो. बाळाला दात आले का? इथे ओढा गोठलाय. बाबांना सांग, मी केंब्रिजला परत जाणार नाही. राजाचं प्रार्थनापुस्तक गुडघे टेकून घोकणं मला जमायचं नाही, असं कारण मी त्यांना लिहिलं होतं. तू हसली असशील. हस. खरं कारण पेशन्स, हे तुला ठाऊक आहे.

तिचे वडील पाळक रुक. राजाच्या हुकमाप्रमाणे उपासनेला पांढरा झगा घालायला नाही म्हणाले म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांना देवळातून काढलं. तेव्हापासून ते स्वयंपाकघरातच उपदेश करतात. कायदा म्हणतो, अशा उपदेशाला घरची माणसं सोडून बाहेरची चारच; पाचवं आलं की गुन्हा. पाळकसाहेबांना चोरून काही करायचं नसतं. दार सताड उघडं आणि माणसं चार. गाव पाळीपाळीने येतं.

काल माझी पाळी नव्हती.

शनिवारी बाजारात पेशन्स गिरणीवाल्याच्या पोराशी हसून बोलत होती, आणि काल पाळी त्याची होती. झालं, माझं डोकं फिरलं. पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत असताना मी मागच्या दाराने शिरलो आणि पिठाच्या पिंपाआड बसलो. तेवढ्यात कॉन्स्टेबल बॅगली आला.

“काय पाळकसाहेब, आज गर्दी?” तो बोटाने मोजू लागला. “चार... आणि हे कॉलेजातून पळालेले विद्वान! पिठात काय शोधताय, उंदीर?”

पेशन्स पुढे आली. “तो घरचाच आहे. आमच्याकडेच राहतो. लग्न ठरलंय आमचं.”

ताई, हेच शब्द तिच्या तोंडून ऐकायला मी वर्षभर झुरलो. आणि ऐकले ते असे.

बॅगली माणूस वाईट नाही. त्याला अक्षरं पाळकसाहेबांनीच शिकवली. तो हळूच म्हणाला, “घरचा आहे ना, साहेब? नुसतं हो म्हणा. मी जातो जेवायला.”

पाळकसाहेबांनी मुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“नाही,” ते म्हणाले. “अजून नाही.”

त्यांना नेलं. बुधवारी न्यायाधीश मलाच विचारणार आहेत. मी त्या घरी राहत होतो अशी बायबलवर शपथ घेतली, तर खटला मिटेल.

“घे ना शपथ!” पेशन्स म्हणाली. “तीन महिने तुरुंगातली थंडी त्यांच्या छातीला सोसेल का? त्यांना सोडव, मग मी तुझीच आहे.”

आज सकाळी कोठडीपाशी गेलो. पाळकसाहेब खोकत होते. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, “बाळा, तू माझ्यासाठी खोटं बोललास, तर दोन वर्षं मी बायकापोरांना उपाशी ठेवलं ते कशासाठी?”

 ताई, याचं उत्तर तुला सुचतं का?

पेशन्सला आत्ताच सांगून आलो की शपथ घेणार नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ओल्या हातांनी दार लावून घेतलं, आतून अडसर घातला.

बाबांना हे तूच वाचून दाखव. पाचवा मीच होतो, म्हणून तुरुंगात मलाही जावं लागेल. निदान तिथे पाळकसाहेबांच्या अंगावर पांघरूण घालायला मी असेन.

कुणाच्याच घरचा नसलेला, पण अजून तुझा,
जोसाया