हेजहॉगसाठी ठेवलेलं दूध

आई, आज तू असतीस तर मला चांगलंच झापलं असतंस. इथे परदेशात, मलिंगार गावी आमच्या मागच्या बागेत या उन्हाळ्यात एक हेजहॉग यायला लागला. वाटीएवढा, अंगभर काटे, साळिंदराचं पिल्लू वाटावं असा. तुझी नात नऊ वर्षांची आहे. तो किती वाजता आला, त्याच्यासाठी ठेवलेलं मांजराचं खाणं किती खाल्लं, सगळं वहीत लिहायची. मराठी तिला समजतं, बोलते मात्र इथल्या हेलातलं इंग्रजी. तिने मला बजावलं होतं, "नो मिल्क, मम. इट मेक्स देम रिअली सिक." मी म्हटलं, हो गं बाई. आणि ती झोपली की बशीत दूध ठेवत राहिले, चार दिवस. घरी आलेल्या जिवापुढे नुसतं कोरडं खाणं ठेवणं माझ्या जिवावर येत होतं. सकाळी तिच्या आधी उठून बशी धुऊन टाकायची.

बरं, मला कळत नव्हतं असंही नाही. चौथीत मी खारीच्या पिल्लाला कापसाच्या बोळ्याने म्हशीचं दूध पाजलं होतं. तू विळीवर भाजी चिरतेयस, मी पिल्लू तळहातावर घेऊन उभी आहे आणि ते हलत नाहीये. तू हात थांबवतेस. "विचारल्याशिवाय कुणाच्या तोंडात काही घालायचं नाही," एवढंच म्हणतेस. दोन रट्टे दिले असतेस तर बरं झालं असतं.

शनिवारी तो भर दुपारी हिरवळीवर आला. दिवसा दिसला म्हणजे आजारी, हे लेकीनेच मला शिकवलेलं. चार पावलं टाकली की कलंडत होता. टॉवेलमध्ये गुंडाळून, खोक्यात घालून आम्ही त्याला जखमी प्राणी सांभाळणाऱ्या एका बाईंकडे नेलं. शेजारच्या आजोबांनीच गोगलगाई मारायचं विष टाकलं असणार, असं लेक गाडीत रडत म्हणत होती. मी गाडी चालवत राहिले. बाईंनी विचारलं, काय खाल्लंय याने? नीट सांगा, त्यावर उपचार ठरतील. लेकीने वही पुढे केली. त्या वहीत दूध कुठेच नव्हतं. बाई वही मिटून कपाटाकडे वळल्या, तेव्हा कुठे मी म्हणाले, "मिल्क. आय गेव्ह हिम मिल्क."

तो वाचला. "ही'ज ग्रँड," असा काल बाईंचा फोन आला. पण त्या दिवशी परतताना लेकीने विचारलं, "व्हाय, मम?" रागावली नव्हती, नुसती बघत होती. मला ते सोसवेना. मी म्हणाले, आजीने शिकवलं होतं मला, दाराशी येईल त्याला दूध द्यायचं. तू, आई! तिने तुला पाहिलेलंही नाही. आणि मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं ते हे.

आज वही उघडी होती. तिने इंग्रजीत लिहिलंय, आजीला माहीत नव्हतं, तिच्यावर रागवायचं नाही. मी वाचलं आणि वही होती तशी ठेवून दिली.

हे मी मराठीत तुझ्यासाठी लिहितेय, असं मघापासून स्वतःला सांगतेय. खरं म्हणजे, तिला मराठी वाचता येत नाही म्हणून.