डाव्या चाकाचा आवाज

नाही, घाबरून लिहीत नाहीये. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने कागद-पेन मागितलं की घरातले आधी पाण्याचा ग्लास आणतात, म्हणून सांगून ठेवलं. मी जुन्या गाड्यांचा मेकॅनिक, शाळा पाचवीपर्यंत. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी आत्ताच आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले, म्हटले. कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते हे. याआधी कुठे काही लिहून दिलं असेल तर ते रद्द.

१. राहत्या दोन खोल्या आणि खालचं गॅरेज माझ्या मुलीला. ती नर्स आहे, तिला गॅरेजचा उपयोग नाही. पोरी, भाड्याने दे. मधला खड्डा मात्र बुजवायचा नाही, गाड्यांखाली उभं राहून त्यात माझी एक्केचाळीस वर्षं गेली. अर्थात तू हे वाचशील तेव्हा मी नसणार. ठीक आहे, बुजव.

२. बँकेत आहे ते तिचंच. जावयाने त्यातून नवी गाडी घेऊ म्हणून टुमणं लावू नये.

३. पांढरी गाडी मुलीला. गाडीचं वय तेहतीस. अशा गाडीचे रबरी पाइप थंड असताना दाबून बघायचे. कडक झाला किंवा फुगला की बदलायचा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, माझ्या मानेवरचा डाग तू बघितलायस. ऑइलची काडी दुधाळ दिसली तर गाडी चालूच करायची नाही, पाणी आत शिरलंय. ब्रेकचं पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात राहिलं तर "चालतंय की" म्हणायचं नाही. जुनी गाडी अचानक दगा देत नाही, आधी सांगते. ऐकणारा पाहिजे.

४. इथे दोनदा खोडलं.

मागच्या महिन्यात तू म्हणालीस, "बाबा, पुढच्या डाव्या चाकातून घुर्रर्र येतंय. उजवीकडे वळले की वाढतं." मी एक चक्कर मारून आलो. म्हटलं, "काही नाही, रस्ता खराब आहे."

"नक्की?"

"आता तू मला शिकव!"

तू हसलीस आणि विश्वास ठेवलास. तेव्हापासून रोज त्याच चाकावर टेकडीचा उतार उतरून इस्पितळात जातेस.

मला आवाज आला नाही. मला इंजिनाचाही येत नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचं, बॉनेटवर हात ठेवायचा, थरथर ओळखायची, असं किती वर्षं रेटलं. नंतर हातही गेले. तू ड्यूटीवरून येऊन झोपलीस तेव्हा ते चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं. बेअरिंग गेलं असेल तर चाक डुगडुगतं. डुगडुगलं. पण माझे हात तसेही डुगडुगतात. चाक की हात, कळेना. तीनदा बघितलं. शेवटी जॅक उतरवला आणि वर येऊन जेवलो.

उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणून आवाज वाढतो. म्हणजे बेअरिंगच. तू सांगितलंस त्यातच सगळं होतं. मी फक्त ऐकलं नाही.

५. सगळे पान्हे, दोन्ही जॅक आणि लांब पेचकस समोरच्या गॅरेजवाल्याला. पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आतला बिघाड ऐकू येतो, त्याला माहीत आहे. तो माझा भागीदार होता. नऊ वर्षांपूर्वी गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "तुझे कान गेलेत. लोकांच्या जिवाशी खेळू नकोस." मी त्याचा डबा रस्त्यावर भिरकावला. त्यानंतर बोललो नाही. माणूस आखडू आहे, नट गरजेपेक्षा जास्त आवळतो. पण तेव्हा बरोबर होता. गाडी त्यालाच दाखवायची.

६. हे कलम नव्हतं. साक्षीला आलेल्या शिंप्याने कागद वाचला आणि माझ्या कानाशी ओरडला, "काका, हे तुम्ही गेल्यावर उघडणार! तिची आज दुपारची ड्यूटी आहे!"

"मग?"

"मग काय? आत्ता सांगा तिला!"

"कसं सांगू?"

त्याने कागद डॉक्टरांकडे सरकवला. डॉक्टर म्हणाले, "कान कधीपासून?" मी म्हटलं, तुम्ही सही करा.

मी खड्ड्यात उतरू शकत नाही. चाक खोलू शकत नाही. तोंडाने सांगायला गेलो की "रस्ता खराब आहे" हेच बाहेर येतं. एकच जमलं. गाडीची चावी माझ्या खिशात आहे, ती देणार नाही. तू दारात उभी आहेस, बॅग खांद्याला. तुझे ओठ दिसतायत: बाबा, चावी. बाबा, चावी.

हा कागद आत्ता तुझ्या हातात देतोय. कायद्यात बसत नसेल तर नसो. कलम चारपासून वाच. मग रिक्षाने जा.

सही वाकडी आहे, पण माझीच.
साक्षीदार: शेजारचा शिंपी. डॉक्टर.
ठिकाण: गॅरेज, खड्ड्याशेजारचं टेबल. तारीख डॉक्टरांनी त्यांच्या सहीखाली घातली आहे.

आता काही विचारू नकोस. विचारलंस तरी ऐकू येणार नाही, आणि आलं तरी सांगणार नाही.